सपाट वाटीचा धडा : फॅनी फार्मर यांची जीवनकथा

मंडळाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा आमच्या कार्यवाहबाई घरोघर फिरून लेख मागू लागल्या. माझ्या दारी आल्या तेव्हा मी सरळ हात जोडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाण्याची यादी आणि दुधाचा हिशेब यांपलीकडे मी कधी काही लिहिलेले नाही. थोरामोठ्यांची चरित्रे शिकलेल्या भगिनींनी लिहावीत, मी आपली वर्धापनदिनाच्या जेवणाची भाजी चिरीन, असे मी त्यांना सांगून पाहिले. पण बाई ऐकेनात. स्वयंपाकघरातले काही लिहा, पण लिहाच, असा त्यांचा आग्रह पडला. तेव्हा मला फॅनीबाईंची आठवण झाली आणि मी होकार देऊन बसले.

फॅनी फार्मर या अमेरिकेतल्या बॉस्टन शहरच्या. त्यांना जाऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. आपल्यापैकी फार थोड्या जणींनी त्यांचे नाव ऐकले असेल. पण दुपारची कामे आटोपली की आपण सगळ्या मोबाइल घेऊन बसतो आणि कुणी मधुराज रेसिपी लावते, कुणी आपली आजी लावते, कुणी केक शिकवणारी एखादी नवी मुलगी शोधून काढते. त्यात एक कप मैदा, पाऊण कप साखर, अर्धा छोटा चमचा सोडा असे जे आपण ऐकतो, आणि चमचा भरल्यावर वरची शीग सुरीने काढून टाकलेली जी आपण पाहतो, ती सवय जगातल्या घरोघरच्या बायकांना लावण्यात या बाईंचा मोठा वाटा आहे. म्हणून त्यांची हकीकत आपल्या मंडळात सांगण्यासारखी आहे असे मला वाटते.

त्यांची माझी ओळख माझ्या एका फजितीतून झाली, तेव्हा आधी ती सांगते.

तीन वर्षांपूर्वी मंडळाने दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या होत्या, ते पुष्कळ जणींच्या लक्षात असेल. अनारसे माझ्याकडे आले. मी ते मागून घेतले म्हणा ना. माझ्या आईचे अनारसे आमच्या सगळ्या भावकीत नावाजलेले. जाळी पडलेली, खसखस एकसारखी, बाहेरून खुसखुशीत आणि आतून मऊ. पण आईला माप विचारले की ती हात पुढे करून दाखवी. एवढे पीठ, एवढा गूळ, बाकी पीठच सांगते म्हणे. माझ्या हातात ते कधीतरी येईल असे तिलाही वाटे आणि मलाही. मग आई गेली, आणि विचारायचे राहून गेले.

तेव्हा मी मोबाइलवर शोधले. एकीने पिठाइतकाच गूळ सांगितला, दुसरीने पाऊणपट सांगितला. मी पहिलीचे ऐकले. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदलले, सावलीत सुकवून कुटले, पीठ चाळून वाटीने मोजले. गूळही त्याच वाटीने मोजला. पण पीठ मी अलगद ओतले होते आणि गूळ किसून, अंगठ्याने दाबून, वर शीग ठेवून भरला होता. वाटी एकच, पण एकीत पोकळ पीठ आणि दुसरीत गच्च गूळ, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. कढईत पहिला अनारसा सोडला आणि तो हसला. दुसरा सोडला, तोही हसला. तुपात नुसता चुरा तरंगू लागला. तूप काळे पडले, पीठ वाया गेले आणि ऑर्डरीचे पैसे परत करावे लागले. पैशांचे दुःख चार दिवसांत विसरले, पण आईच्या हातचे आपल्या हातून गेले ही चुटपुट मनातून जाईना.

माझी मुलगी आहारशास्त्र शिकते. मी रोज तेच तेच बोलते हे पाहून एक दिवस तिने मोबाइलवर एक जुने इंग्रजी पुस्तक उघडले. ते इतके जुने आहे की आता कुणालाही फुकट वाचता येते. मी पावटे सोलत बसले आणि ती वाचून मराठीत सांगू लागली. ते पुस्तक फॅनीबाईंचे. पुढे आठवडाभर ती त्या बाईंविषयी मिळेल तिथून वाचून मला सांगत होती. त्यातले मला जे आठवते आणि पटले ते इथे देत आहे.

फॅनी मेरिट फार्मर यांचा जन्म २३ मार्च १८५७ रोजी बॉस्टन येथे झाला. आपल्याकडे सत्तावनचे बंड झाले तेच ते वर्ष. त्यांचे वडील छपाईच्या धंद्यात होते. घरात चार मुली, त्यांत ही थोरली. मुली झाल्या म्हणून आईबापांनी नाक मुरडले नाही. उलट मुलींनी शिकावे, पुढे कॉलेजात जावे, अशी त्यांची इच्छा होती. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही असे आईबाप घरोघर नव्हते. बॉस्टनजवळच्या मेडफर्ड गावी हे कुटुंब राहत असे आणि फॅनी तिथल्या हायस्कुलात जात असे.

फॅनी सोळा वर्षांची असताना तिच्यावर मोठा घाला पडला. तिला अर्धांगाचा झटका आला आणि चालणे बंद झाले. काही वर्षे ती पाऊल टाकू शकत नव्हती. शाळा सुटली, कॉलेजचे नाव उरले नाही. पुढे ती हळूहळू चालू लागली, पण एक पाय अधू राहिला तो कायमचा.

मुलगी हे सांगत होती तेव्हा माझा हात थांबला. माझी शाळा सातवीत सुटली ती वडिलांच्या आजारपणात. आई शेतावर जाई आणि घरचा स्वयंपाक माझ्यावर आला. मला गणित आवडत असे, हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. शाळा सुटलेल्या मुलीला वाटते की आता आपले सगळे दरवाजे बंद झाले. फॅनीलाही तसे वाटले असेल.

घरी बसल्या बसल्या फॅनीने स्वयंपाकात लक्ष घातले. घरची परिस्थिती बेताची होती, म्हणून तिच्या आईने घरी पैसे घेऊन राहणारी-जेवणारी माणसे ठेवली, आणि त्या घरचे जेवण चांगले असते असा लौकिक झाला. अंगात बळ आल्यावर फॅनीने शॉ नावाच्या एका कुटुंबात घरकामाला आणि मुलांकडे बघायला नोकरी धरली. शिकायची हौस असलेली मुलगी, पाय अधू, आणि दुसऱ्याच्या घरी काम. पण ती तिथेच अडकून पडली नाही.

त्या काळी तिकडे स्वयंपाकाची पुस्तके नव्हती असे नाही. पण लोणी किती घालायचे तर अक्रोडाएवढे, किंवा अंड्याएवढे. मीठ किती, तर चिमूटभर. पीठ किती, तर चहाचा पेला भरून. आता पेला कुणाचा, चिमूट कुणाची आणि अक्रोड केवढा? शॉ यांच्या घरातल्या लहान मुलीने स्वयंपाक शिकताना हेच भाबडे प्रश्न विचारले आणि तिथून फॅनीबाई अचूक मापाच्या मागे लागल्या, अशी एक गोष्ट त्यांच्याबद्दल सांगतात. मुलांच्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही तेव्हाच आपल्याला आपले अज्ञान कळते, हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव आहे.

शॉबाईंनी फॅनीचा हात आणि आवड पाहिली आणि बॉस्टनच्या पाकशाळेत नाव घालण्याचा सल्ला दिला. ही पाकशाळा कुणी काढली होती हे ऐकून आपल्या भगिनींना खचित आनंद होईल. बॉस्टनमध्ये स्त्रियांच्या शिक्षणासाठी झटणारी बायकांची एक संस्था होती, म्हणजे आपल्यासारखे एक मंडळच म्हणा. त्या मंडळाने १८७९ साली ही बॉस्टन कुकिंग स्कूल काढली. पोटासाठी स्वयंपाकाचे काम करणाऱ्या बायकांना नीट शिकवावे आणि त्यांना चार पैसे जास्त मिळावेत हा त्यांचा हेतू होता. मेरी लिंकन नावाच्या विदुषी तिथे आधी शिकवीत. त्यांनीही १८८४ साली मापे देऊन पुस्तक लिहिले होते. तेव्हा माप ही काही फॅनीबाईंनी शून्यातून काढलेली गोष्ट नव्हे. त्यांनी ती घट्ट धरली, पुढे नेली आणि घरोघर पोचवली.

फॅनीबाईंनी शाळेत नाव घातले तेव्हा त्यांनी तिशी गाठली होती. बरोबरच्या मुली लहान असतील, धावपळ करीत असतील. या लंगडत चालणाऱ्या. पण १८८९ साली त्या शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या आणि शाळेने त्यांना तिथेच मदतनीस म्हणून ठेवून घेतले. थोड्याच वर्षांत त्या त्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. आपल्यापैकी ज्या भगिनी चाळिशीत शिवणाच्या नाहीतर संगणकाच्या वर्गाला जायला लाजतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

१८९६ साली त्यांनी आपले मोठे पुस्तक लिहिले, बॉस्टन कुकिंग स्कूल कुक बुक. त्यात अठराशेवर पाककृती. बॉस्टनच्या लिटल, ब्राउन आणि कंपनीकडे त्या गेल्या. प्रकाशकांना वाटले, बायकांची स्वयंपाकाची पुस्तके ढिगांनी आहेत, हे कोण विकत घेणार? त्यांनी पहिल्या ३००० प्रती छापायला होकार दिला, पण छपाईचा खर्च बाईंनी स्वतः करावा अशी अट घातली. फॅनीबाईंनी पैसे घातले. पुस्तकाचा हक्क मात्र त्यांनी स्वतःकडे राखला. पुढे पुस्तक असे खपले की आवृत्तीमागून आवृत्ती निघाली आणि त्यांच्या हयातीतच तीन लाखांहून अधिक प्रती गेल्या. प्रकाशकांनी सावधपणे टाळलेला फायदा बाईंच्या पदरात पडला. आपल्या कष्टाच्या वस्तूवर आपले नाव आणि आपला हक्क ठेवावा, हा धडा बचतगटाच्या भगिनींनी जरूर घ्यावा.

त्या पुस्तकात काय आहे? सुरुवातीला पाककृती नाहीतच. अन्न म्हणजे काय, शरीराला त्यातले काय लागते, पाणी कशाला, मीठ कशाला, हे आधी सांगितले आहे. मग विस्तव. तेव्हा तिकडेही लोखंडी चुलींत कोळसा आणि लाकूडच जाळीत, म्हणून चूल कशी रचावी, पेटवावी आणि हवा कशी सोडावी, हे बाईंनी शिकवले आहे. मग भाजणे, उकडणे, तळणे यांत फरक काय. मग ढवळणे, फेटणे आणि अलगद मिसळणे या तीन वेगळ्या गोष्टी कशा, आणि कुठे काय करावे. आणि मग मोजावे कसे.

हा मोजण्याचा भाग मी मुलीकडून तीनदा वाचवून घेतला. आपणही लक्ष देऊन वाचावा, कारण त्यात माझ्या अनारशांचे उत्तर होते.

बाईंचा कप अर्ध्या पिंटाचा, म्हणजे आपल्या पाव लिटरला थोडा कमी. त्यावर पाव आणि तिसऱ्या हिश्शाच्या खुणा. तीन छोटे चमचे म्हणजे एक मोठा चमचा, आणि सोळा मोठे चमचे म्हणजे एक कप. सगळी मापे सपाट. पीठ आधी चाळायचे, मग चमच्या-चमच्याने कपात भरायचे, शीग येऊ द्यायची आणि सुरीच्या पाठीने ती कापून टाकायची. पण भरताना कप हलवायचा किंवा आपटायचा नाही, कारण हलवला की पीठ खाली बसते आणि त्याच कपात जास्त मावते. लोणी मात्र उलट. ते कपात गच्च दाबून भरायचे, मध्ये पोकळी राहू द्यायची नाही, आणि मग वर सपाट करायचे. अर्धा चमचा हवा असेल तर सपाट भरलेल्या चमच्याचे सुरीने लांबीत दोन भाग करायचे. पाव हवा असेल तर त्या अर्ध्याचे आडवे दोन भाग. म्हणजे प्रत्येक पदार्थाला आपला एक नेम, आणि तो नेम सगळ्यांनी पाळायचा. मग बॉस्टनच्या बाईने केलेला पदार्थ दूरच्या खेड्यातली मुलगी एकटीने करू शकते, शेजारी सासू नसली तरी आणि आई नसली तरी.

मला हेच कुणी सांगितले नव्हते. पीठ पोकळ आणि गूळ गच्च, हे दोन नेम मी नकळत पाळले, पण पाककृती सांगणारीने कोणता नेम पाळला होता ते मी विचारलेच नाही. तिने किसलेला गूळ हलक्या हाताने भरला असेल. चूक तिची नव्हती आणि पूर्ण माझीही नव्हती. आमच्या दोघींत ठरलेले माप नव्हते, एवढेच.

आता काही भगिनी म्हणतील की हाताचा अंदाज तो अंदाज, त्याला चमचा कशाला. मी हात नाकारीत नाही. भाकरीचे पीठ किती मळावे हे चमचा सांगणार नाही. पावसाळ्यातले पीठ आणि उन्हाळ्यातले पीठ पाणी वेगवेगळे पिते, हे हातालाच कळते. पण हात आपल्याबरोबर जातो आणि माप मागे राहते, हे मी आईच्या मागे शिकले. आपल्या आज्यांच्या घरी शेर, मापटे, चिपटे होतेच की. दाणे मोजताना त्याही शीग लावायची की हाताने सपाट करायची हे ठरवूनच मोजीत. तेव्हा ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही.

१९०२ साली फॅनीबाईंनी जुनी शाळा सोडली आणि स्वतःच्या नावाची पाकशाळा बॉस्टनमध्येच काढली. जुन्या शाळेत शिक्षिका आणि स्वयंपाकिणी तयार होत. या नव्या शाळेत त्यांनी घरच्या गृहिणींना मुद्दाम बोलावले. त्या प्रात्यक्षिके करून दाखवीत आणि बायका वही घेऊन बसत. बॉस्टनच्या वर्तमानपत्रात त्यांची व्याख्याने छापून येत. बायकांच्या एका मोठ्या मासिकात त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीच्या मदतीने सुमारे दहा वर्षे पाककृतींचे पान चालवले. आज आपल्याला जे मोबाइलवर घरबसल्या मिळते, ते त्या काळी बाई भाषणाने आणि छापील पानाने देत होत्या.

पण फॅनीबाईंना स्वतःला यापेक्षा मोठे वाटे ते दुसरेच काम, आजाऱ्यांच्या जेवणाचे. ज्याने सोळाव्या वर्षापासून अंथरूण पाहिले आहे, त्याला आजाऱ्याचे ताट कळते. १९०४ साली त्यांनी आजारी आणि आजारातून उठणाऱ्या माणसांच्या अन्नावर पुस्तक लिहिले. आपले नाव राहिले तर या कामामुळे राहील असा त्यांचा विश्वास होता. त्या परिचारिकांना शिकवीत, आणि नावाजलेल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेतही त्यांची या विषयावर व्याख्याने झाली. कॉलेजचे दार जिला आजारपणाने बंद झाले, ती होणाऱ्या डॉक्टरांपुढे उभी राहून शिकवीत होती. हे ऐकले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले, खोटे कशाला सांगू?

त्या पुस्तकात मधुमेहाच्या रोग्यांसाठी वेगळा भाग आहे. इन्सुलिनचा शोध लागला १९२१ साली. त्याआधी मधुमेहाच्या माणसाला मुख्य आधार पथ्याचाच असे, आणि पथ्यात मापाला किती किंमत हे ज्यांच्या घरी साखरेचा आजार आहे त्यांना सांगायला नको. पुढे मधुमेहाचे मोठे तज्ज्ञ म्हणून नाव मिळवलेले डॉक्टर जोस्लिन यांना या विषयावर लिहिण्याची स्फूर्ती फॅनीबाईंमुळेच मिळाली.

आजाऱ्याचे अन्न नुसते पौष्टिक असून भागत नाही, ते डोळ्यांना आणि जिभेलाही रुचले पाहिजे, असे बाई शिकवीत. ताट स्वच्छ असावे, वाढणे थोडे असावे, गरम ते गरम आणि गार ते गार असावे. मी सासूबाईंच्या आजारपणात मोठे पातेलेभर पेज करून भला मोठा वाडगा त्यांच्यापुढे ठेवीत असे आणि त्या खात नाहीत म्हणून मनात रागवत असे. हे ऐकल्यावर मी लहान वाटी काढली, अर्धीच भरली, वर तुपाचा थेंब आणि बाजूला लिंबाच्या लोणच्याची एक फोड ठेवली. सासूबाईंनी ती वाटी संपवली आणि आणखी थोडी मागितली. पेज तीच होती.

फॅनीबाईंनी लग्न केले नाही. कमावलेल्या पैशावर त्यांनी घरच्यांना आधार दिला. शेवटच्या काही वर्षांत शरीराने पुन्हा दगा दिला आणि त्या चाकांच्या खुर्चीला खिळल्या. पण शिकवणे त्यांनी सोडले नाही. खुर्चीत बसून त्या व्याख्याने देत. शेवटचे व्याख्यान त्यांनी दिले ते मृत्यूच्या दहाच दिवस आधी. जानेवारी १९१५ मध्ये बॉस्टन येथे वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. त्यांची पाकशाळा त्यांच्यामागे १९४४ पर्यंत चालली. पुस्तकाचे काम पुढे त्यांच्या भाचेसुनेने कित्येक वर्षे पाहिले आणि ते काळाप्रमाणे सुधारून छापले. घरच्या सुनेने पुस्तक पुढे न्यावे, ही मला फार गोड गोष्ट वाटली.

आपल्या महाराष्ट्रातही असे काम झालेले आहे. सांगलीच्या कमलाबाई ओगले यांचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतचेच. १९७० साली त्यांचे रुचिरा हे पुस्तक निघाले आणि त्यांनी वाटी-चमच्याच्या मापात सांगून हजारो नव्या नवऱ्यांची आणि नव्या नवरींची जेवणे वाचवली. पुष्कळ जणींना लग्नात ते पुस्तक भेट मिळालेले असेल. बॉस्टनची बाई आणि सांगलीच्या बाई, दोघींची शाळा अर्ध्यात सुटली आणि दोघींनी माप दिले.

म्हणून कुणाकडून शिकावे, असे मला आता कुणी विचारले तर मी एवढेच सांगते. मोबाइलवर हसतमुख बाई पुष्कळ आहेत. जी आपली वाटी दाखवते, ती भरून दाखवते, आच मंद की मोठी ते सांगते आणि का तेही सांगते, तिच्याकडून शिकावे. जी नुसते थोडेसे, चवीपुरते म्हणत पुढे पळते, तिचे पाहून करमणूक करून घ्यावी, पण तिच्या भरवशावर ऑर्डर घेऊ नये.

आता शेवटची गोष्ट. माझी आई नाही, पण आईची धाकटी बहीण, माझी मावशी, आहे. दोघींनी अनारसे एकाच आजीकडून शिकलेले. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी वाटी, चमचे, सुरी आणि मुलीची एक कोरी वही घेऊन मावशीकडे गेले. मावशी हसली. वहीने कुठे अनारसे होतात का, असे तिला वाटले. मी तिला तिच्याच हाताने घालू दिले. ती मुठीने पीठ घाली, मी प्रत्येक मूठ आधी वाटीत ओतून, सपाट करून, लिहून घेई. गुळाचेही तसेच केले. तिची मूठ अर्ध्या वाटीला थोडी कमी भरली, आणि गूळ पिठाच्या पाऊणपटीहून किंचित जास्त, तोही हलका भरलेला, दाबलेला नव्हे. माझ्या वाटीत चूक किती होती ते तिथेच दिसले. गोळा मुरला, चौथ्या दिवशी मी कढई ठेवली. अनारसे हसले नाहीत. जाळी आईच्या अनारशांसारखी पडली की नाही हे मी सांगणार नाही. मावशीने एक खाल्ला आणि दुसरा उचलला, तेवढे मला पुरे झाले.

त्या वहीत आता अकरा पदार्थ झाले आहेत. माझी मंडळाला विनंती आहे की या वर्षापासून आपण अशी एक वही मंडळाची करावी. आपल्यात सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी आज्या आहेत. कुणाचे सांडगे, कुणाचा गोडा मसाला, कुणाची पुरणपोळी. त्यांनी हाताने करावे, आणि आपण शेजारी बसून मोजावे. त्यांना मापाची सक्ती करू नये. मापाचे काम आपले. वहीत पदार्थाबरोबर त्या आजीचे नाव लिहावे, म्हणजे हात गेला तरी नाव आणि चव राहील.

मी सातवी शिकलेली बाई. लिहिताना काही कमीजास्त झाले असेल तर भगिनींनी सांभाळून घ्यावे. आमच्या घरी वही आणि सपाट वाटी तयार आहे. येत्या बुधवारच्या सभेत पहिली आजी कोण ते ठरवू या.